दात शाबूत, हिरड्या सैल

नंदुरबारच्या आठवडी बाजारात फकीरमियाँचं पाल कुठे आहे, हे कुणाला विचारावं लागत नसे. पालाच्या काठीला त्यांनी एक लांब सुतळी बांधली होती आणि तिच्यात उपटलेले दात ओवले होते. दाढा, सुळे, पटाशीचे दात, काही पिवळे, काही आतून कोळशासारखे काळे. वारा सुटला की ती माळ खडखडायची आणि गालाला हात लावून आलेला माणूस तिथेच निम्मा गार व्हायचा. फकीरमियाँ त्याला खाली बसवत, त्याचं डोकं आपल्या गुडघ्यांत पकडत आणि त्याची तक्रार सांगून व्हायच्या आत जंबुऱ्याच्या पकडीत दात बाहेर आलेला असे.

त्यांना मुलगा नव्हता. एकच मुलगी, अख्तरबानो. घरी बसून ती मंजन कुटायची. बाभळीची साल, तुरटी, सैंधव, लवंग आणि बदामाच्या टरफलांचा कोळसा खलबत्त्यात घालून वस्त्रगाळ पूड करायची. दात काढण्याचं काम बापाचं, मंजनाचं काम तिचं, असंच चाललं असतं. पण १९२१ साली मिठाईवाल्यांच्या घरून सांगावा आला आणि सगळंच बदललं.

मिठाईवाल्यांची सून सरलाबाई तीन दिवस पाण्याचा घोट घेऊ शकली नव्हती. गाल सुजून डोळा झाकला होता. फकीरमियाँ दारात पोचले, तशी ती पदर ओढून भिंतीकडे तोंड करून बसली.

"मी मरी जासू, पन परका माणूसना सामने तोंड उघाडाव नही!"

सासूने समजावलं, नवऱ्याने दटावलं. सरलाबाई हलली नाही. फकीरमियाँ ओट्यावर टेकले. मग त्यांनी घरी निरोप धाडला, "अख्तरला पाठवा. जंबुरा इथेच आहे, नुसती तिला पाठवा."

सतरा वर्षांची अख्तरबानो धावतच आली. मधल्या दारात एक जुनं लुगडं आडवं टांगलं. आत सरलाबाई आणि अख्तरबानो, बाहेर फकीरमियाँ.

"अब्बा, मी कधी दाढ काढली नाही," ती लुगड्याला तोंड लावून हळूच म्हणाली.

"हजार वेळा पाहिलंस ना? सांगतो तसं कर. एकेका दाढेवर बोटाने ठोक."

पहिली ठोकली, काही नाही. दुसरीला काही नाही. तिसरीवर बोट पडताच सरलाबाई अशी किंचाळली की गल्लीतल्या बायका दारात जमल्या.

"तीच!" बाहेरून आवाज आला. "आता जंबुरा खोल बसव. दाढेला नको धरूस, ती फुटेल. खाली, मुळाशी धर. ओढायचं नाही. आधी आत दाब, मग बाहेर. पुन्हा आत. पुन्हा बाहेर. हलते का?"

"हलते! अब्बा, हलते!"

"मग आता घे फिरवून!"

कट् असा आवाज झाला आणि जंबुऱ्यात दाढ आली. त्या दिवशी ओरडण्यात सरलाबाईला अख्तरबानोनेच मागे टाकलं. "निघाली! अब्बा, निघाली!" करत ती दाढ हातात उंच धरून लुगड्याबाहेर पळत आली. फकीरमियाँच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते म्हणाले एवढंच, "आत जा. आधी तिला मिठाच्या गुळण्या करायला सांग."

परत येताना त्यांनी विचारलं, "त्या तोंडात आणखी काय पाहिलंस?"

अख्तरबानोने फुशारकीने सांगितलं. सरलाबाईच्या आणखी सहा दातांना भोकं होती. सासू हसली तेव्हा तिच्याही पुढच्या दातांच्या कडा काळ्या दिसल्या. नणंदेचं तेच. पण त्यांच्याकडे पाणी भरणारी दगूबाई सरलाबाईचे हात धरून बसली होती, तिचे दात मात्र धडधाकट होते.

"का असेल?"

"त्या घरात दिवसभर पाक चाखतात, अब्बा. जो येतो तो कढईत बोट बुडवून चाटतो. दगूबाई आपल्या घरची भाकरी खाते."

फकीरमियाँ रस्त्यातच थांबले. "मी तीस वर्षं दात काढतो आहे," ते म्हणाले, "पण गिऱ्हाइकाच्या घरातली कढई मी कधी पाहिली नव्हती."

त्या दिवसापासून बायका अख्तरबानोला बोलावू लागल्या. आधी गल्लीतून, मग सगळ्या गावातून, मग आसपासच्या खेड्यांतून. पुरुषापुढे तोंड न उघडणाऱ्या किती बायका वर्षानुवर्षं ठणका सोसत बसल्या होत्या, ते तिला तेव्हा कळलं. आणि प्रत्येक तोंड पाहताना तिला एक नादच लागला. तोंडात पाहायचं आणि बाई काय खाते ते ओळखायचं. "तू गुळाचा खडा गालात धरून ठेवतेस ना, डाव्या बाजूला?" ती विचारायची आणि समोरची बाई लाजून हसायची. मशेरी लावणाऱ्या, सारखा चहा पिणाऱ्या, सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलेलं खाणाऱ्या, ती बरोबर ओळखायची. बाजाराला सातपुड्यातून उतरणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडांचं तिला सगळ्यांत नवल वाटे. जात्याच्या पिठातली कच चावून चावून त्यांचे दात पाट्यासारखे सपाट झिजलेले असत, पण एकालाही भोक नसे, आणि साठीतही बत्तीसच्या बत्तीस जागेवर.

फकीरमियाँ गेले तेव्हा तिचं लग्न होऊन तीन वर्षं झाली होती. नवरा अजीज पिंजारी, लोकांच्या गाद्या-उशांचा कापूस पिंजायचा. जंबुरा, खलबत्ता आणि दातांची माळ तिच्या वाट्याला आली. माळ तिने काढून ठेवली. बायकांना त्या माळेची भीती वाटायची.

१९३७ सालचा माघ महिना होता. अजीज कापूस आणायला गावाबाहेरच्या जिनमध्ये गेला होता. तिथे कपाशीतून सरकी वेगळी करण्याचं काम चाले. दिवाळीनंतर जिनचा भोंगा सुरू झाला की डोंगरातून बायकांच्या टोळ्या कामाला येत आणि होळीला परत जात. त्या दिवशी अजीज कापूस न घेताच परत आला आणि दारातूनच ओरडला, "अख्तर, सुन! जंबुरा घे, मंजन घे, जेवढं असेल तेवढं घे. तिथल्या बायकांच्या तोंडातून रक्त येतंय!"

"किती जणींच्या?"

"पासष्टपैकी निम्म्यांच्या तरी. दोघींना तर मुकादमाने बाहेरच्या छपरात नेऊन ठेवलंय. सगळे म्हणताहेत, साथ आहे."

जिनच्या फाटकाशी मुकादम हिंमतराव वाटच पाहत होता. आडदांड, मोठ्या आवाजाचा माणूस, पण तो घाबरलेला दिसत होता.

"बानोबी, काई तरी जालीम मंजन दे. आठे जिनमा रोग फिरी ऱ्हायना. जिनना शेठ म्हनतस, बठ्ठासले, समद्या बायासले हाकली द्या!"

आधी ती छपरातल्या दोघींकडे गेली. बेबीबाई असेल अठरा-एकोणीस वर्षांची, आणि तिची चुलत बहीण रेवाबाई तिच्याहून थोडी मोठी. अख्तरबानोने बेबीबाईची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं आणि पाहतच राहिली. हिरड्या जांभळ्या झाल्या होत्या, फुगून दातांवर आल्या होत्या. बोट लागताच रक्त आलं. आणि दात? दात पांढरेशुभ्र, एकही भोक नाही, एकही कीड नाही! पण बोटाने हलवला तर ओल्या मातीत रोवलेल्या खुंटीसारखा डुलत होता. सोळा वर्षांत तिने असं तोंड पाहिलं नव्हतं. मिठाईवाल्यांच्या घरी दात सडलेले होते आणि हिरड्या त्यांना घट्ट धरून होत्या. इथे नेमकं उलट.

"मंजन लाऊ," ती म्हणाली. "चार दिनमा थांबी."

रोज सकाळी ती फाटकातून आत जायची आणि ओळीने बायकांच्या हिरड्यांना मंजन चोळायची. तुरटी दुप्पट केली, लवंग तिप्पट केली. चार दिवस झाले, आठ झाले. रक्त थांबलं नाही. उलट आणखी सहा जणी वाढल्या. आठव्या दिवशी रेवाबाईचा एक निरोगी दात भाकरीच्या तुकड्याबरोबर निघून आला. तो दात हातात घेऊन अख्तरबानो छपरात खाली बसली. बापाच्या हाताने गावात नाव झालं होतं, तिच्या मंजनाला लोक खेड्यांतून येत होते, आणि इथे तेच मंजन राखेच्या किमतीचं ठरलं होतं. तिला रडू आलं. रेवाबाईनेच तिच्या पाठीवर हात ठेवला.

तेव्हा तिचं लक्ष रेवाबाईच्या पायांकडे गेलं. नडगीवर जांभळे ठिपके होते, पुरळ नाही, डास चावल्याचेही नाहीत, कातडीच्या आत रक्त साकळल्यासारखे. तिने बेबीबाईचे पाय पाहिले. तिथेही तेच. गुडघे दुखतात, उठवत नाही, असं दोघीही म्हणाल्या. बेबीबाईने लहानपणी विळ्याने कापल्याची जुनी खूण दाखवली. ती भरलेली खूण पुन्हा उकलली होती.

अख्तरबानो ताडकन उभी राहिली. आजार तोंडात नव्हताच! तो सगळ्या अंगात होता, तोंडात नुसता आधी दिसत होता. मग वरून चोळलेली पूड तिथवर पोचणार कशी? आणि जे पायापर्यंत जातं, जुन्या जखमेपर्यंत जातं, ते पोटातूनच गेलं पाहिजे.

ती धावत आत गेली आणि दिसेल त्या बाईला ती काय खाते ते विचारू लागली, "तू काय खास?"

सगळ्यांचं उत्तर एकच. जिनच्या कोठीतून मिळणारं ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, मीठ, सुकी मिरची. सकाळी तेच, संध्याकाळी तेच, दिवाळीपासून तेच. सूर्य उगवायच्या आधी भोंगा व्हायचा आणि मावळल्यावर सुटी. फाटक बंद. बाजाराला जायला कुणालाच सवड नव्हती.

"आखो, आणखी काय? भाजी? फळ?"

बायका एकमेकींकडे पाहून हसल्या. जिनच्या आवारात कापूस आणि धूळ, याखेरीज होतं काय?

पण मग निम्म्याच का? सगळ्याच का नाहीत? ज्यांना काही झालं नव्हतं त्यांना तिने वेगळं उभं केलं. त्यांतल्या बऱ्याच जणी उशिरा आलेल्या होत्या, पौषात. ते तिला पटलं. पण एक म्हातारी तर अगदी पहिल्या टोळीबरोबर आलेली होती. अक्राणीच्या डोंगरातली दिवलीबाई. अंगण झाडायची, विहिरीवरून पाणी आणायची.

"तोंड उघाड, माय."

"माले काई व्हयेल नही," दिवलीबाई मोडक्यातोडक्या अहिराणीत म्हणाली. तिची बोली डोंगरातली होती. पण तोंड तिने उघडलं. झिजलेले सपाट दात, आणि त्यांच्याभोवती गुलाबी, घट्ट हिरड्या. अख्तरबानोने बोटाने दाबून पाहिलं, एक थेंब रक्त नाही.

"माय, तू काय खास?"

"त्या खातस तेच."

"आखो?"

"आखो काई नही." मग थोडं थांबून म्हणाली, "पाला खास."

"कसाना पाला?"

दिवलीबाई अपराध्यासारखी फाटकाशी उभ्या हिंमतरावाकडे पाहू लागली. पाण्याला जाताना ती वाटेवरच्या शेवग्याचा कोवळा पाला ओरबाडायची आणि डाळीत टाकायची. बांधावरची बोरं खायची. विहिरीपाशी आवळ्याचं झाड होतं, त्याचे पडलेले आवळे लुगड्याच्या ओच्यात घालून आणायची. डोंगरात सगळेच असं खातात, ती म्हणाली. पण या पोरींना फाटकाबाहेर कोण सोडतो? तिने पोरींना आवळे देऊन पाहिले होते. पण झाडाचे आवळे चोरले असं कुणी म्हणेल, या भीतीने तिने देणं बंद केलं.

अख्तरबानोने तिचे दोन्ही खांदे धरले. "माय, विहिरीवर चाल. आत्ताच्या आत्ता!"

त्या दुपारी दोघींनी मिळून झाड हलवलं. शेवटचा बहर होता, आवळे पिकून पिवळट झाले होते. बेबीबाई आणि रेवाबाईला चावता येणं शक्यच नव्हतं. अख्तरबानोने मंजनाचा खलबत्ता धुऊन काढला, त्यात आवळे ठेचले, फडक्यातून रस पिळला. बेबीबाईने पहिला घोट घेतला आणि आंबट-तुरट रस हिरड्यांना झोंबून ती किंचाळली. पण वाटी तिने पुरी केली. शेवग्याचा पाला डाळीत घालून मऊ शिजवला, तोही भरवला. दिवसातून तीन वेळा. आणि अख्तरबानोने मनाशी पक्कं केलं की या दोघींच्या तोंडाला मंजनाचं बोटही लावायचं नाही.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी रेवाबाई स्वतःहून उठून बसली. तिसऱ्या सकाळी अख्तरबानो छपरात शिरते तो बेबीबाई दाराशी टेकून उभी!

"बानोबी, भूक लागनी," ती म्हणाली.

अख्तरबानोने तिचं तोंड उघडून पाहिलं. जांभळा रंग उतरू लागला होता. बोटाने दाबलं. रक्त आलं, पण थेंबभर, ओघळ नाही. ती तशीच फाटकाकडे पळत सुटली. डोक्यावरचा पदर कधी पडला ते तिला कळलं नाही.

"हिंमतराव भाऊ! हिंमतराव भाऊ, इकडे या, बघा!"

हिंमतरावाने छपराच्या दाराशी उभं राहून दुरूनच पाहिलं. "तुन्हं मंजन लागू पडनं," तो म्हणाला. "जरा उशिरा पडनं, पन पडनं."

"मंजन? तीन दिवसांत मंजन लावलंच नाही मी! आवळा शे, भाऊ, आवळा! आणि शेवग्याचा पाला!"

"झाडपाल्याने दात घट्ट व्हतस?"

"झाडपाल्याने अंग घट्ट होतं, मग दात होतात. मला आणखी पाहिजे. सगळ्यांना पुरेल एवढं पाहिजे!"

विहिरीवरच्या एका झाडात ते कुठलं पुरायला. पण रोज कपाशीच्या गाड्या येत होत्या. शहाद्याकडच्या ब्राह्मणपुरीचा उदेसिंग हा गाडीवान त्या सगळ्यांत बोलका. अख्तरबानोने त्याची गाडी फाटकातच अडवली आणि आधी त्याला तोंड उघडायला लावलं. बिचारा घाबरला, पण त्याने उघडलं. हिरड्या पक्क्या.

"तुम्हीपण भाकरी-डाळच खाता ना, भाऊ?"

"भाकर खातस, बानोबी. पन वाटमा जे भेटस तेबी खातस. शेतमाना हिरवा हरभरा, पेरू, बोर. विहीरवर लिंबूनं झाड शे, जेवनवर रोज लिंबू."

"पुढच्या खेपेला कपाशीवर एक पोतं ठेवून आणा. लिंबू, पेरू, आवळे, हिरवा हरभरा, काहीही चालेल. ताजं पाहिजे, सुकं नको."

उदेसिंगने दोनच दिवसांत शब्द खरा केला. त्याने एकट्यानेच नाही, त्याच्या गावच्या पाच गाडीवानांनी. कपाशीच्या उंच ढिगाऱ्यांवर हिरवी पोती लादून त्या पाच गाड्या फाटकाशी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा आवारातल्या बायका काम सोडून कुंपणाच्या जाळीशी धावल्या. भर दुपारची वेळ, यंत्रं चालू. हिंमतरावाने दोन्ही हात पसरून फाटक अडवलं.

"काम चालू असताना कोणीच हलाव नही! शेठ माले काढी टाकतीन!"

"तुमची निम्मी यंत्रं हातांवाचून उभी आहेत," अख्तरबानो त्याच्यासमोर जाऊन म्हणाली. "या पोरी आज हाकलल्या तर डोंगरातून पुढच्या वर्षी एकसुद्धा बाई इथे यायची नाही. शेठला मी सांगते. मला पंधरा दिवस द्या. पंधरा दिवसांत रक्त थांबलं नाही, तर पुन्हा या फाटकात पाय ठेवणार नाही."

 जाळीपलीकडून दिवलीबाईने तिच्या बोलीत काहीतरी ओरडून सांगितलं आणि सगळ्या बायका हसल्या. ती काय म्हणाली ते हिंमतरावाला कळलं की नाही, कुणास ठाऊक. त्याने हात खाली घेतले.

"काढा रे खाली!" उदेसिंग गाडीवरून गरजला आणि पोती धपाधप आवारात पडली. हरभऱ्याच्या हिरव्या डहाळ्या, हाताएवढे पेरू, लिंबांच्या टोपल्या. बायका त्यांच्यावर तुटून पडल्या. ज्यांना चावता येत नव्हतं त्यांनी लिंबं कापून तोंडात पिळली, झोंबलं म्हणून ओरडल्या, पुन्हा पिळली. एवढ्या किंकाळ्या आणि एवढं हसू त्या आवारात कधी ऐकू आलं नव्हतं.

त्यानंतरचे दिवस अख्तरबानो घरी जणू नव्हतीच. अजीजने स्वतः चूल सांभाळली. ती रोज सकाळी एकेकीचं तोंड पाहायची आणि दिवलीबाईला सांगायची, दिवलीबाई तिच्या भाषेत त्या बाईला सांगायची. जिच्या हिरड्या गुलाबी होऊ लागत, तिच्यासाठी दोघी टाळ्या वाजवायच्या. आठवड्याभरात रक्त बहुतेकींचं थांबलं. नडगीवरचे ठिपके हिरवट, मग पिवळे होऊन विरले. गुडघे दुखायचे थांबले. रेवाबाईचा गेलेला दात परत आला नाही, पण बाकीचे स्थिर झाले. पंधराव्या दिवशी बाहेरचं छप्पर रिकामं झालं.

तरी हिंमतरावाचा पुरता विश्वास बसला नव्हता. फाल्गुन लागला होता, होळी जवळ आलेली. उदेसिंगच्या गाडीवर त्या दिवशी उसाचे चार दांडे होते. बेबीबाईने त्यातला एक उचलला आणि सरळ हिंमतरावासमोर येऊन उभी राहिली. अख्तरबानो पुढे धावली. "नको, बेबी, अजून आठ दिवस जाऊ दे," ती म्हणेपर्यंत बेबीबाईने उसाच्या पेराला दात लावले. कर्रर्र! एक लांब साल निघून खाली लोंबली. दुसरी निघाली. तिसरी. सगळं आवार श्वास रोखून पाहत होतं. तिने उसाचा तुकडा कडकन तोडला, चावला, रस गिळला, चोथा थुंकला आणि तो चोथा उचलून हिंमतरावाच्या तोंडासमोर धरला. पांढराशुभ्र, रक्ताचा टिपूसही नाही!

आवारात असा गजर झाला की यंत्रांचा आवाज बुडाला. कुणीतरी रिकामा डबा वाजवू लागलं. बायकांनी एकमेकींच्या कमरेला हात घालून फेर धरला, त्यात त्यांनी अख्तरबानोलाही ओढलं. तिला पावलं येत नव्हती, पण ती नाचली. हिंमतराव बाजूला उभा राहून हसत होता. मग त्याने हळूच तोंड पुढे केलं आणि म्हणाला, "बानोबी, मन्हं बी दख जरा."

चार दिवसांनी टोळ्या होळीसाठी डोंगराकडे निघाल्या. पासष्टच्या पासष्ट जणी आपल्या पायांनी चालत गेल्या.

पुढच्या दिवाळीनंतर जिन सुरू झाला, तेव्हा हिंमतरावाने शेठकडून एक गोष्ट आधीच कबूल करून घेतली होती. आवाराच्या कडेला, विहिरीच्या पाटाजवळ, एक जमिनीचा तुकडा मोकळा सोडला होता. तिथे मुळा, मेथी, कोथिंबीर आणि आंबट चुका लावला होता. त्याची राखण दिवलीबाईकडे. तिला आता अंगण झाडायचं काम नव्हतं. आणि फाटक दुपारी अर्धा तास उघडं ठेवायचं, हा नियमच झाला.

त्याच हिवाळ्यात धुळ्याहून एक डॉक्टर पाहणीला आले. त्यांच्या कानावर ही हकिकत गेली होती. त्यांनी एकेकीचं तोंड तपासलं. बाहेर आले तेव्हा चष्मा पुसत होते आणि चेहरा फुललेला होता. अख्तरबानोला त्यांनी बसवून घेतलं.

"बाई, हा रोग जुना आहे," ते म्हणाले. "महिनोन्महिने समुद्रावर राहणाऱ्या खलाशांना व्हायचा. ताज्या फळांत, हिरव्या पाल्यात एक द्रव्य असतं. ते मिळालं नाही की अंगाचे टाके उसवतात. हिरड्यांचे सगळ्यांत आधी. मोठमोठ्या विद्वानांच्या हाती ते द्रव्य लागून चार-पाच वर्षंसुद्धा झालेली नाहीत. आणि तुम्ही इथे खलबत्त्यात ठेचून ते पाजलंत!"

अख्तरबानोला विद्वानांचं काही समजलं नाही, पण खलाशांचं ऐकून ती थरारली. एवढ्या मोठ्या समुद्रावरची माणसं आणि ही बेबीबाई, दोघांचा आजार एकच!

"मग त्यांना कशाने बरं वाटायचं?"

"लिंबाने."

"लिंबाने!" ती ओरडलीच. "दिवलीमाय, ऐकलंस का? लिंबाने!"

डॉक्टरांनी वही उघडली. "हे सगळं मी वर लिहून पाठवणार आहे. तुमचं नाव सांगा."

"आधी तिचं लिहा," अख्तरबानो म्हणाली. "दिवलीबाई. मी नुसतं विचारलं. ती आधीपासून खात होती."

डॉक्टर मान वर करून पाहू लागले. दिवलीबाई चुक्याच्या वाफ्यात ओणवी झाली होती. आपलं नाव ऐकून ती उठली, मातीचे हात लुगड्याला पुसले, मुठीत मावेल तेवढा चुका खुडून घेतला आणि तो साहेबांना खायला द्यायला ती थेट त्यांच्याकडे चालत आली.